खगोलशास्त्र शिकून पुढे काय? कोकणातल्या पोरापोरींसाठी पहिल्या पायरीपासून

बारावीचा निकाल लागला की मला दरवर्षी चार-पाच फोन ठरलेले. कुणाची तरी भाची, कुणाचा तरी पुतण्या, "ताई, ह्याला अ‍ॅस्ट्रोनॉमी करायचंय म्हणतो, पुढे नोकरी लागते का?" आणि मागून आईचा आवाज येतोच, "स्कोप विचार, स्कोप." तेच तेच सांगून घसा बसला म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढतेय, पुढच्या वेळी लिंक टाकेन आणि मोकळी होईन.

आधी मी कोण ते. मी देवगड तालुक्यातली, बीएस्सी फिजिक्स घरापासून एसटीने पाऊण तासावरच्या कॉलेजात केलं, मग बाहेर जाऊन एमएस्सी, मग रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडीला लागले आणि अडीच वर्षांनी सोडली. आता पनवेलला एका छोट्या कंपनीत उपग्रहांच्या डेटावर काम करते. माझ्या एमएस्सीच्या बॅचमधला एक जण परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) करतोय, एक मैत्रीण हॉस्पिटलात रेडिएशनचं काम बघते, एक जण ज्युनियर कॉलेजात शिकवतो, एक बँकेत आहे. म्हणजे मी जे सांगतेय ते थोडं स्वतः भोगलेलं आणि बाकीचं जवळून बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी, घरच्यांना नीट सांगा की हे काय आहे

गणपतीत घरी गेलं की शेजारच्या काकी अजून विचारतात, "तू ग्रहतारे शिकलंस ना, मगे माझ्या झिलाचा लगीन कदी जुळतला ता सांग." हसू नका, तुम्हालाही विचारणार आहेत. खगोलशास्त्र म्हणजे ज्योतिष नव्हे हे एकदा सांगून संपत नाही, पण त्याहून मोठा गैरसमज तुमच्या स्वतःच्या डोक्यात असतो, तो म्हणजे रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसायचं असतं. अहो, मी पीएचडीत असताना डोळा दुर्बिणीला लावलाच नाही, रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या डिशला, डोळा लावायला जागाच नसते! दिवसभर स्क्रीन, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला कोड, एरर, चहा, परत एरर. नव्वद टक्के काम कॉम्प्युटरवर आणि उरलेलं कागदावर. हे ऐकून तुमचा उत्साह मावळला तर वेळीच मावळला म्हणा, आणि नाही मावळला तर पुढे वाचा.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी आत्ताच सांगून टाकते: खगोलशास्त्रज्ञ या नावाच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण ते शिकताना जे हातात येतं (फिजिक्स, आकडेमोड, कोड, आणि घाणेरड्या डेटातून खरी गोष्ट शोधायची सवय) त्याला मागणी आहे. फक्त ते हातात आलंय हे दुसऱ्याला दिसेल अशी तयारी पहिल्या वर्षापासून करावी लागते. मी ती तिसऱ्या वर्षापासून केली आणि त्याचा फटका खाल्ला.

बारावीनंतर: 'बीएस्सी अ‍ॅस्ट्रोनॉमी' शोधत बसू नका

आपल्याकडे नुसत्या खगोलशास्त्राची पदवी फार कमी ठिकाणी आहे आणि तिची गरजही नाही. सरळ रस्ता म्हणजे बीएस्सी फिजिक्स, सोबत गणित सोडायचं नाही. बारावीला पीसीएम हवं, बायोच्या नादात गणित टाकलंत तर इथेच गाडी अडली.

मार्क चांगले असतील आणि परीक्षा द्यायची हिंमत असेल तर आयसर (केंद्र सरकारची विज्ञान संस्था, पुण्यात आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस, त्याची आयएटी नावाची परीक्षा), नायसर आणि मुंबईचं सीईबीएस (दोन्ही तशाच विज्ञान संस्था, दोन्हींची नेस्ट नावाची परीक्षा), आणि तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी, जे अंतराळ खात्याचं आहे आणि तिथे जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून जावं लागतं. आपल्याकडच्या पोरांनी सीईबीएसचं नावच ऐकलेलं नसतं म्हणून फॉर्म भरत नाहीत, आणि ते तर कलिनाला आहे, दादरला उतरलं की लोकलने जाण्यासारखं. तिथे शिष्यवृत्तीही मिळते.

नाही जमलं तरी बिघडत नाही. रत्नागिरी, सावंतवाडी, कणकवली, जिथे जवळ पडेल तिथे फिजिक्सला अ‍ॅडमिशन घ्या. मार्क बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असतील तर इन्स्पायर शिष्यवृत्ती बघा, वर्षाला ८०,००० रुपये असतात त्यात, आणि आमच्या कॉलेजात त्याचा फॉर्म कुणी भरायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं, माझ्या हातून तो असाच गेला.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. इंटरनेटवर 'अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डिप्लोमा', 'स्पेस सायंटिस्ट सर्टिफिकेट' असल्या जाहिराती असतात. दुसऱ्या वर्षाला असताना मी बाबांकडून साडेसात हजार घेऊन असल्या एका कोर्सला भरले. आठ आठवडे रेकॉर्डेड व्हिडिओ, ग्रहांची नावं, कृष्णविवराची गोष्ट, शेवटी रंगीत सर्टिफिकेट, त्यावर रॉकेट. ते सर्टिफिकेट आजपर्यंत एकाही माणसाने बघायला मागितलेलं नाही. बाबांनी त्या वर्षी कलमं फवारायला उसने पैसे घेतले होते हे मला नंतर कळलं. त्या पैशात जुना लॅपटॉप दुरुस्त झाला असता.

कॉलेजची तीन-चार वर्षं: पावसात कोड, थंडीत आकाश

कोकणात एक बरं असतं, निसर्गानेच टाइमटेबल लावून दिलंय. जून ते सप्टेंबर आकाश दिसायचा प्रश्नच नाही, तेव्हा पायथन शिका. ऑक्टोबर संपला की डिसेंबर-जानेवारीपर्यंत आकाश बघा, एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरा दक्षिणेला बघा. आपण साधारण १६ ते १८ अक्षांशावर आहोत, त्यामुळे थंडीत अगस्ती चांगला वर येतो, आणि एप्रिल-मेमध्ये त्रिशंकू म्हणजे सदर्न क्रॉस दक्षिणेला क्षितिजाच्या थोडा वर उभा दिसतो. दिल्लीवाल्यांना हे नशीब नाही. समुद्राकडची धूसर हवा आणि हल्ली एलईडीवाल्या बोटींचा झगमगाट यामुळे पश्चिमेचं क्षितिज पार गेलंय, पण सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गेलात तर अजून आकाशगंगा डोळ्यांनी दिसते. दुर्बीण घ्यायची घाई करू नका. मोबाइलवर स्टेलॅरियम आणि कुणाकडे तरी असलेली साधी बायनॉक्युलर, पहिली दोन वर्षं एवढं रग्गड झालं.

आता पायथन शिका म्हणजे नक्की काय करा, ते एका उदाहरणाने सांगते, कारण मला कुणी असं सांगितलं नव्हतं. नासाच्या टेस नावाच्या उपग्रहाचा डेटा फुकट मिळतो, कुणालाही, लॉगिनसुद्धा नको. 'लाइटकर्व्ह' नावाचं पायथनचं एक पॅकेज आहे (इंग्रजी स्पेलिंगमध्ये सी नाही, के आहे, मी तासभर चुकीचं टाइप करत होते). एचडी २०९४५८ हा तारा घ्या. त्याच्याभोवती एक ग्रह साधारण साडेतीन दिवसांत एक फेरी मारतो आणि दर फेरीला ताऱ्याच्या पुढून जातो तेव्हा प्रकाश जेमतेम दीड टक्का कमी होतो. तुम्ही डेटा उतरवून घेता, आलेख काढता, आणि पहिल्यांदा दिसतं ते नुसतं ठिपक्यांचं जंगल. मग कळतं की मध्येच डेटा नाही कारण उपग्रह पृथ्वीशी बोलत होता, कुठे एकच ठिपका भलतीकडे गेलाय, कुठे सगळी रेघच हळूहळू वर सरकतेय. ते सगळं एकेक करून साफ करायचं, मग साडेतीन-साडेतीन दिवसांच्या घड्या एकावर एक घालायच्या, नऊवारीच्या निऱ्या घालतो तशा, आणि अचानक मधोमध एक छोटा खड्डा दिसतो. तो खड्डा म्हणजे दुसऱ्या सूर्याचा ग्रह. मी हे केलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता, लाइट दोनदा गेली होती आणि माझा लॅपटॉप बॅटरीवर अठरा टक्क्यांवर होता. आईला दाखवलं तर म्हणाली, "एवढासाच?"

एवढासाच. पण एवढं जमलं की डेटा कुठून आणायचा, साफ कसा करायचा, चूक कुठली आणि खरं कुठलं, हे सगळं तुम्ही एकदा करून झालेलं असतं. हे गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायची वेबसाइट) टाका, वर चार ओळी लिहा काय केलं आणि काय चुकलं होतं. असे तीन-चार झाले की तुमचा बायोडाटा तयार होतोय असं समजा.

सुट्टीतल्या संधी सोडू नका. पुण्याच्या आयुकात (ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था १९८८ साली जयंत नारळीकरांनी उभी केली) उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांसाठी कार्यक्रम असतात, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी असतो, तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून समर फेलोशिप असते, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस असतो. यांचे फॉर्म बहुतेक आदल्या हिवाळ्यात निघतात, म्हणजे तुम्ही सेमिस्टरच्या गडबडीत असता तेव्हाच. राहायची सोय आणि थोडे पैसेही मिळतात बऱ्याच ठिकाणी. आणि एकदा तरी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून या, त्या दिवशी लोकांसाठी प्रदर्शन असतं. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, आणि शेजारी द्राक्षांच्या बागा. तिथे उभं राहिल्यावर कळतं आपल्याला हे करायचंय की नाही.

आपल्या विजयदुर्गाची गोष्ट, आणि ती करिअरच्या लेखात का

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे', म्हणजे ग्रहण बघायला बांधलेले ओटे, आहेत, आणि हेलियमचा शोध तिथेच लागला असं आपण लहानपणापासून ऐकतो. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. मीपण शाळेत भाषण ठोकलं होतं यावर. मग एमएस्सीला एका सरांनी शांतपणे विचारलं, "१८ ऑगस्टला विजयदुर्गला सूर्य दिसतो का गं?"

मी गप्प. ऐन पावसाळा! नंतर बसून शोधलं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, पण ते बघणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रात गुंटूरला होते, आणि नॉर्मन लॉकयर, म्हणजे कट्ट्यांचे साहेब, यांनी हेलियमची ओळख पटवणारी सूर्यप्रकाशातली पिवळी रेघ ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच बघितली, ग्रहण नसताना. मग लॉकयरसाहेब विजयदुर्गला आले कधी? तर २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी, तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडलेला होता. म्हणजे कट्टे खरे, साहेब खरा, ग्रहण खरं, फक्त दोन ग्रहणांची खिचडी झाली. गावातल्या लोकांना हे सांगायला गेलं की राग येतो, माझ्या मामालाही आला. पण मला विचाराल तर खरी गोष्ट काही कमी भारी नाही.

हे इथे लिहिलं कारण मुलाखतीत मला विचारलं होतं, "तुम्हाला डेटा तपासता येतो हे कशावरून?" आणि मी हीच गोष्ट सांगितली.

एमएस्सी आणि परीक्षांचं जंजाळ

एमएस्सी फिजिक्ससाठी जॅम परीक्षा द्या, फेब्रुवारीत असते. आयआयटी इंदूरला तर एमएस्सी अ‍ॅस्ट्रोनॉमीच आहे, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही आहे. मुंबई किंवा पुणे विद्यापीठात फिजिक्स करून त्यात खगोलशास्त्राचे पेपर घेतले तरी चालतं, पुण्याला तर आयुका त्याच आवारात आहे. जॅमला माझं सेंटर कोल्हापूर आलं होतं, आदल्या दिवशी गगनबावड्याच्या घाटातून एसटी, वर मळमळ, लॉजवर रात्रभर डास. सेंटर निवडताना दुसऱ्या दिवशीच्या पेपरला डोकं ठिकाणावर राहील असं निवडा, स्वस्त पडतं म्हणून नको.

पीएचडीसाठी मुख्य परीक्षा म्हणजे जेस्ट. आयुका, पुण्याचंच एनसीआरए, बेंगळुरूची आयआयए आणि रामन संस्था, नैनितालचं एरीज, अहमदाबादचं पीआरएल हे सगळे ती धरतात. शिवाय टीआयएफआरची स्वतःची, आणि सीएसआयआर-नेट, गेट आहेतच. गंमत म्हणजे या परीक्षांत खगोलशास्त्र जवळजवळ विचारतच नाहीत. क्वांटम, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, थर्मो, गणित. तारे पाठ करून आलेला पोरगा आपटतो आणि फिजिक्स पक्कं असलेला ज्याला सप्तर्षी कुठे आहेत ते माहीत नाही तो आत जातो. वाईट वाटतं, पण आहे ते असं आहे.

बाहेर देशी जायचं असेल तर अमेरिकेत थेट पीएचडीला फी माफ आणि वर पगार असतो, युरोपात आधी मास्टर्स लागतं आणि त्यासाठी इरॅस्मस मुंडस सारख्या शिष्यवृत्त्या आहेत. कर्ज काढून परदेशात खगोलशास्त्राचं मास्टर्स मात्र मी कुणालाच सुचवत नाही. कर्ज फेडायला लागणारी नोकरी या विषयात लगेच मिळत नाही, आणि घराच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून ग्रह शोधायला जाऊ नये.

पीएचडी करायची का? थोडं थांबून विचार करा

पीएचडीची फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग ४२,०००, वर घरभाडं भत्ता. २०२३ पासून हे दर आहेत. गावाकडून बघितलं तर हा चांगला पगार वाटतो आणि खर्च कमी असेल तर पुरतोही. पण तो पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक दोन-तीन वर्षांचं एक, बहुतेक परदेशात, मग आणखी एक, आणि मग पस्तिशीच्या आसपास कायम नोकरीचा शोध. देशात खगोलशास्त्राच्या मोठ्या संस्था मोजक्या आणि दरवर्षी निघणाऱ्या प्राध्यापकाच्या जागाही मोजक्या.

दुसरी बाजू पण सांगते, कारण नुसतं घाबरवायचं नाहीये. ही वेळ बरी आहे. अ‍ॅस्ट्रोसॅट हा खगोलशास्त्राचा उपग्रह २०१५ मध्ये गेला, सूर्याकडे बघणारा आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये गेला आणि त्यावरची एक दुर्बीण आयुकात बनली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो (गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा) होतंय, त्याला २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले. एसकेए या जगातल्या सगळ्यात मोठ्या रेडिओ दुर्बिणीत भारत आहे, त्यासाठी १,२५० कोटी. या प्रकल्पांना नुसते प्राध्यापक नाही लागत, इंजिनिअर, सॉफ्टवेअरवाले, डेटा सांभाळणारे लागतात. त्यामुळे उपकरणं किंवा सॉफ्टवेअरकडे कल असलेला पीएचडीवाला थिअरीवाल्यापेक्षा सुखात राहतो, असं माझं मत आहे, थिअरीवाले भांडतील.

मी का सोडलं? गाईड चांगले होते, विषय चांगला होता. पण बाबांची अँजिओप्लास्टी झाली, भाऊ शिकत होता, आणि मला एके रात्री जाणवलं की पुढची दहा वर्षं मी दर दोन वर्षांनी बॅग भरणार आहे. सोडताना चार दिवस रडले. आज पश्चात्ताप? जानेवारीच्या रात्री होतो थोडा. पगाराच्या दिवशी नाही होत.

बाकीचे रस्ते

आता खरा 'स्कोप', काकी.

अलिबाग. हो, अलिबाग! बीचवर जाता-येता तिथली चुंबकीय वेधशाळा कुणी बघत नाही. कुलाब्याची जुनी वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवली, ट्रामच्या विजेने चुंबकीय मोजमाप बिघडलं असतं. ती ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आहे तिचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे, सौर वादळं, आयनोस्फिअर, अवकाशातलं हवामान असले विषय, एमएस्सी फिजिक्सवाल्यांना तिथे संशोधन करता येतं. कोकणातल्या माणसाला घरापासून याच्याहून जवळ अवकाशविज्ञान मिळणार नाही. गोव्याला दोनापावलाला एनआयओ आहे, समुद्राचं फिजिक्स. उधाण आणि भांग ज्याने लहानपणापासून डोळ्यांनी बघितलंय, चंद्राशी त्याचा संबंध ज्याला आजोबांनी तिथी मोजून शिकवलाय, त्याला भरती-ओहोटीचं गणित जड जाऊ नये.

हवामान खातं. सायंटिफिक असिस्टंटच्या जागा एसएससीमार्फत (म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशन, दहावीचं बोर्ड नव्हे) निघतात, २०२२ मध्ये ९९० निघाल्या होत्या, बीएस्सीला फिजिक्स असलेल्यांना चालतं. रोज निघत नाहीत, लक्ष ठेवावं लागतं. कोलकात्याचं पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटर, जे राष्ट्रीय पंचांग काढतं, तेही याच खात्याचं.

इस्रोबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून कडू सांगते. इस्रोच्या मोठ्या भरतीत मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरचे इंजिनिअर घेतात. फिजिक्सवाल्यांच्या जागा थोड्या आणि वेगळ्या जाहिरातीत. तुमचं ध्येय फक्त इस्रो असेल तर सरळ इंजिनिअरिंग करा किंवा आयआयएसटीला जा, मधून वळसा घेऊ नका. खासगी अवकाश कंपन्या आता आहेत, बेंगळुरूची दिगंतरा अवकाशातला कचरा आणि उपग्रह यांचा माग काढते, हे काम म्हणजे जुनं वेध घेण्याचं शास्त्रच आहे नव्या कपड्यात.

मेडिकल फिजिक्स हा रस्ता आपल्याकडे कुणालाच माहीत नसतो. एमएस्सी फिजिक्स, मग बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा, रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मग इंटर्नशिप. कॅन्सरच्या हॉस्पिटलात रेडिएशन किती, कुठे, कसं द्यायचं त्याची आकडेमोड हे लोक करतात. माझी मैत्रीण म्हणते, "तू तारे मोजत होतीस, मी माणसं घरी पाठवते," आणि यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

शिकवणं. सीनियर कॉलेजला नेट किंवा सेट हवी, शाळेत बीएड आणि पुढे टीईटी वगैरे. कायम जागा कमी आणि सीएचबीवर, म्हणजे तासिकांवर, वर्षानुवर्षं घासावं लागतं, हे डोळे उघडे ठेवून जा. तरी जो मनापासून शिकवतो त्याला मी अडवणार नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित मास्तरकीच करत होते, आणि भारतीय ज्योतिषाचा (म्हणजे आपल्या जुन्या खगोलशास्त्राचा, भविष्याचा नव्हे) इतिहास लिहावा तो त्यांनीच.

पर्यटनाचंही विचारतात. होमस्टेवाले हल्ली पाहुण्यांना आकाश दाखवायला माणूस शोधतात, आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण असेल तर थंडीत शनिवार-रविवारी चार पैसे मिळतात. माझा चुलतभाऊ करतो. पण पावसाचे चार महिने शून्य, पौर्णिमेच्या आसपास निम्मे, म्हणून याला जोडधंदा समजा, मिठागरासारखा, सीझन संपला की बंद. रत्नागिरीत आता तारांगण आहे, मुंबईला वरळीचं नेहरू तारांगण १९७७ पासून आहे, तिथे बोलायची हौस असणाऱ्यांनी ओळख करून घ्यावी.

आणि डेटा. जास्तीत जास्त पोरं शेवटी इथेच येतात, मी पण. बँका, विमा, आयटी, उपग्रहाची चित्रं. माझ्या कामाचं सांगते: किनाऱ्याची धूप किती झाली, पुराचं पाणी कुठवर गेलं हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढायचं. कोकणात पावसाळ्यात कॅमेरावाला उपग्रह आंधळा, खाली नुसते ढग. म्हणून रडारवाला वापरतो, सेंटिनेल-१, त्याचा डेटा फुकट आहे आणि तो ढगांतून बघतो. आणि त्याचं गणित उघडलं तेव्हा मला हसूच फुटलं, रेडिओ दुर्बिणीत घोटून घोटून केलेलं फूरियेचं गणित, तेच, फक्त या वेळी तोंड जमिनीकडे.

बायोडाटा: भाषांतर करायला शिका

माझ्या पहिल्या बायोडाटात लिहिलं होतं, 'जीएमआरटीच्या लो फ्रिक्वेन्सी निरीक्षणांतून रेडिओ गॅलेक्सींचा अभ्यास.' एकवीस ठिकाणी पाठवला, एकाचंही उत्तर नाही. एचआरमधल्या मुलीला गॅलेक्सी म्हणजे मोबाइल वाटला असेल, तिची काय चूक. मग एका सीनियरने तीच ओळ अशी लिहून दिली: 'काहीशे जीबी डेटामधून खराब भाग आपोआप ओळखून काढून टाकणारा पायथन प्रोग्रॅम लिहिला, हाताने तीन दिवस लागणारं काम चार तासांवर आणलं.' पुढच्या आठ अर्जांत तीन बोलावणी.

काम तेच, शब्द दुसरे. दुर्बिणीत मोबाइल टॉवरचा नि विजेच्या तारांचा आवाज शिरतो तो काढून टाकणं आणि बँकेच्या व्यवहारांत घोटाळा शोधणं यात फार फरक नाही. पण हे त्यांनी ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका, तुम्ही लिहा. सोबत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकून घ्या, दोन आठवड्यांत होतं, खगोलशास्त्रात तुम्ही गाया उपग्रहाच्या कॅटलॉगमधून तारे काढताना जवळजवळ तेच लिहिलेलं असतं.

मुलाखतीत "तारे सोडून इकडे का?" हे विचारणारच. रडगाणं गाऊ नका, पैशासाठी असंही म्हणू नका. मी लॅपटॉप उघडला, एक चित्र दाखवलं, आडवी रेघ म्हणजे कसला तरी गोंगाट, मधला पुसट ठिपका म्हणजे गॅलेक्सी. म्हटलं, मला हा ठिपका शोधायला आवडतं, तो आकाशात असो नाहीतर तुमच्या डेटात. पंधरा मिनिटं ते त्या चित्रावरच प्रश्न विचारत बसले.

वेळापत्रक, जे मला कुणी दिलं नाही

टीआयएफआरची परीक्षा डिसेंबरात, जॅम फेब्रुवारीत, जेस्ट फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, सुट्टीतल्या प्रोजेक्टचे फॉर्म थंडीत. संस्थांच्या वेबसाइट महिन्यातून एकदा उघडून बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारखांवर विश्वास ठेवू नका. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना निदान तीन आठवडे आधी सांगा, आणि सोबत तुमच्या प्रोजेक्टचा एक पानाचा गोषवारा द्या, नाहीतर ते 'मुलगी हुशार व नम्र आहे' एवढंच लिहितात.

आणि जॅमचा फॉर्म सप्टेंबरात उघडतो, म्हणजे नेमका गणपतीच्या आगेमागे. चाकरमानी आले की गावातलं नेट बसतं, फोटो अपलोड होत नाही, सही फिरते चक्र घेऊन तशीच. आणि शेवटच्या तारखेवर ढकलाल तर साइटच बसते. मी दुसऱ्या प्रयत्नात फॉर्म भरला तो पहाटे साडेचारला, घरात बाल्या नाचून दमलेली वीस माणसं झोपलेली, मी माजघरात समईच्या उजेडाशेजारी मोबाइलचा हॉटस्पॉट उंबऱ्यावर ठेवून बसलेली. साडेचारला रेंज येते. लक्षात ठेवा.